दौलत, आता लाइनी दोन आहेत

दौलत, तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी एकही बोललो नाही. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या विहारात सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले. भंतेजी म्हणाले, बोला मास्तर, संकोच करू नका. संकोच कसला डोंबलाचा! मला बोलता येत नाही असं आजवर कोणी म्हटलेलं नाही, तू तर नाहीच नाही. तुझ्यापुढे मी सुटलो की सुटलोच. तू चहा बशीत ओतून फुंकत फुंकत सगळं ऐकून घ्यायचास आणि शेवटी एकच वाक्य असं टाकायचास की माझी सगळी वकिली पाण्यात जायची. त्या दिवशी ते वाक्य येणार नव्हतं. मग बोलायचं तरी कोणासाठी? मी हात जोडले आणि खाली बसलो.

खरं सांगू? समोर गिरजावहिनी बसली होती. बाया रडत होत्या, तुझी म्हातारी बहीण रडत होती, आणि तुझी बायको कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती, दौलत. मला भेटली की एकच विचारायची, ‘बाबू, खरं सांगा जी. ते मुद्दाम गेले काय?’ मी म्हणायचो, नाही. ती मान हलवायची. तिला वाटायचं मी तिची समजूत काढतो आहे. त्या विहारात, सगळ्यांसमोर, मी तिला खरं काय ते सांगेन अशी तिची आशा होती. आणि मला खरं माहीत असूनही ते पटेल असं सांगता येत नव्हतं. म्हणून गप्प बसलो आणि म्हणून आता हे लिहीत बसलो आहे.

आपलं स्टेशन काटोलच्या बाजूला, नागपूरहून पॅसेंजरनं जरा अंगावर येईल इतकं लांब. मी तिथला असिस्टंट स्टेशन मास्तर, पण गावाला मी मास्तर आणि तुला बाबू. तू चावीवाला. शहरातल्या लोकांना वाटतं चावीवाला म्हणजे कुलपं उघडणारा. मी त्यांना सांगतो, रूळ जागचा हलू नये म्हणून त्याला दर स्लीपरवर लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात, आणि रोज सगळ्या पट्ट्यातून पायी फिरून त्या पाहणारा, ढिली दिसली की हातोड्यानं आत घालणारा माणूस म्हणजे चावीवाला. उन्हात, चिखलात, धुक्यात. खांद्यावर हातोडा, हातात पाना, काखेत लाल-हिरव्या झेंड्या आणि कमरेला वहिनीनं बांधून दिलेली भाकर. मी बदलून आलो त्याच्या आधीपासून तू असाच चालत होतास.

गाडी आली की तू रुळाबाहेर उभा राहायचास. इंजिनाला हिरवी झेंडी, गार्डला हात. आणि शेवटचा डबा गेला रे गेला की धूळ खाली बसायच्या आत तू परत रुळात. गाडीच्या हादऱ्यानं कोणती चावी उचलली ते गाडी गेल्या गेल्याच दिसतं, असं तुझं म्हणणं. मी एकदा रागावलो होतो, अरे जरा थांबत जा, एवढी काय घाई. तू हसलास. ‘शेपूट गेलं का रूळ आपला, बाबू. मांगून कोन येते?’

आणि ते खरंच होतं. मागून कोणीच येत नसे. यायचं म्हटलं तरी येऊ शकत नसे. ज्यांनी रेल्वेत नोकरी केली नाही त्यांना हे समजावून सांगावं लागतं. लाइन एकच असेल तर दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असते, जाणारी असो की येणारी. माझ्या खोलीत लाल यंत्र होतं, त्याचं जुळं भावंड पुढच्या स्टेशनात. दोघांनी मिळून दाबलं की एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात तो परत पडल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. मी डोकं आपटलं असतं तरी निघाला नसता. माझे वडील उमरेडचे, जन्मभर हातमागावर लुगडी विणली. ते एकदा स्टेशन पाहायला आले तेव्हा मी त्यांना हे तासभर समजावलं. ते म्हणाले, मग असं सांग ना, धोटा एकच आहे, तो इकडून तिकडं गेल्याशिवाय तिकडून इकडं कसा येईल? तुला हे इतकं आवडलं की महिनाभर तू गँगच्या प्रत्येक माणसाला ते ऐकवलंस, जणू ते तुझेच वडील.

पण मला ती एक लाइन डोळ्यांपुढे नको व्हायची. समोरून मेल येते म्हणून पॅसेंजर उभी करायची, मेल उशिरा म्हणून पॅसेंजर आणखी उशिरा, आणि सगळ्या डब्यांतल्या शिव्या मला. संत्र्यांच्या टोपल्या घेऊन नागपूरच्या बाजारात निघालेल्या बाया, कोर्टाची तारीख असलेले म्हातारे, सगळे उतरून माझ्या खिडकीशी. काहून थांबवली गा गाडी? वर्ध्याकडं तर दोन लाइनी आहेत, आमच्याकडंच काहून एक? आमच्या तोंडाला पानं पुसली काय?

मग माझं भाषण सुरू. मी सांगायचो की बाबांनो, रूळ माणसांसाठी टाकत नाहीत, वजनासाठी टाकतात. वर्ध्याच्या वाटेनं मुंबई-कलकत्त्याचाही माल जातो आणि दिल्ली-मद्रासचाही, तिथं एका लाइनीवर मावत नाही म्हणून दोन. आपल्याकडं मावतो. आणि इकडं नाले आहेत, चढ आहेत, एकेक पूल बांधायचा म्हणजे घर बांधून पाहण्यासारखं आहे. मावतं तोवर एकच ठेवतात आणि एकमेकांना ओलांडायला स्टेशनात बाजूला एक लूप काढून देतात. मावेनासं झालं की दुसरी टाकतात. आपल्यावर राग नाही कोणाचा. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, म्हणजे आपल्याला किंमत नाही असंच ना? तू खिडकीच्या पलीकडे उभा राहून गालातल्या गालात हसत असायचास, तेव्हा तुला हातोडा फेकून मारावा असं वाटायचं.

आपलं भांडण तिथंच. मी म्हणायचो दुसरी लाइन आली पाहिजे. तू म्हणायचास कशाला? मी तुला गाड्यांचे खोळंबे सांगायचो, वाया गेलेला कोळसा सांगायचो, एकदा तर प्रगती वगैरे शब्द काढले. तू म्हणालास, ‘बाबू, एक लाइन हाये मनून मेलबी पॅसेंजरची वाट पाह्यते कधी कधी. दोन झाल्या का कोनी कोनासाठी थांबनार नाही.’ मी म्हटलं, थांबू नये म्हणूनच तर टाकायची, येड्या. तू म्हणालास, हो, तेच तं म्हणून राह्यलो. आणि बशी खाली ठेवून चालता झालास. त्याला काय उत्तर द्यायचं हे मी अजून शोधतो आहे, आणि तू तर निघून गेलास.

आणखी एक सांगून टाकतो. मला विषमज्वर झाला होता तेव्हा माझी बायको माहेरी होती, आणि मी क्वार्टरमध्ये एकटाच बरळत पडलो होतो. तू ड्यूटीवरून येऊन मला ओल्या फडक्यानं पुसायचास. वहिनी पेज पाठवायची. बरा झाल्यावर मी आभार मानायला लागलो तर तू म्हणालास, मास्तर मेला तर गोळा कोण काढणार. मी हसलो आणि विषय तिथंच संपला. आभार राहूनच गेले. आता मानून काय उपयोग आहे, पण मानतो.

तुझ्या क्वार्टरपासून लाइनीपर्यंत जी मोकळी पट्टी होती, ती दुसऱ्या लाइनीसाठी इंग्रज साहेबाच्या काळापासून राखून ठेवलेली. भराव रुंद, मोऱ्या रुंद, रूळ एकच. वहिनीनं त्या पट्टीत वांगी लावली, सांबार लावला, शहरातले कोथिंबीर म्हणतात तो, आणि भेदरं लावली, त्यांचे टोमॅटो. तू पहिल्या दिवसापासून तिला सांगत होतास की जागा आपली नाही. ती म्हणायची, कुनाची हाये? दिसतं काय कोनी? आणि इतकी वर्षं खरंच कोणी दिसलं नाही. त्या पट्टीतली वांगी मी किती खाल्ली असतील. वहिनीच्या हातची भरली वांगी आणि ज्वारीची भाकर पुढे आली की मी तुला म्हणायचो, दुसरी लाइन नाही आली तरी चालेल गा. तेवढ्यापुरतं तू जिंकायचास.

मग एके वर्षी साहेब लोक आले, खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या. मुरूम आला, खडी आली, तेलंगणाकडचे मजूर आले. वहिनीची वांगी फुलावर होती. तिनं तुला सांगितलं की इंजिनियर साहेबाला एक शब्द टाक, भाजी निघेपर्यंत तेवढी जागा सोडा. तू टाकला नाहीस. तू म्हणालास, ज्याची जागा त्यालेच मागायची? ती त्या दिवशी तुझ्याशी बोलली नाही, आणि तिथून तुमच्या घरात जी कुरबुर सुरू झाली ती थांबलीच नाही. मी दोघांनाही हसत होतो. भाजीवरून कोणी इतकं भांडतं का, म्हणून तुम्हाला दोघांना चिडवतही होतो.

लाइन सुरू झाली त्या दिवशी मी स्टेशनात पेढे वाटले. माझं लाल यंत्र गेलं, गोळे गेले. आता जाणाऱ्या गाड्यांना एक रूळ, येणाऱ्यांना दुसरा, आणि ड्रायव्हरनं सिग्नल पाहून जायचं. तू पेढा खाल्लास, हात धोतराला पुसलेस आणि दोन्ही रुळांकडे बराच वेळ पाहत उभा राहिलास. मी विचारलं, काय पाहतोस? काही नाही म्हणालास.

गावाला समजवायचं काम आपण दोघांनी केलं. पिढ्यान्‌पिढ्या एका लाइनीपाशी राहिलेली माणसं. गाडी आली की थांबायचं, गेली की ओलांडायचं, एवढंच त्यांच्या अंगवळणी. तू घरोघरी गेलास, पाणवठ्यावर बायांना सांगितलंस की आता एक गेली म्हणजे झालं असं समजू नका, तिच्या आडून दुसरी येत असते, ती दिसत नाही, आवाजही पहिलीच्या आवाजात बुडून जातो. म्हाताऱ्यांचे कान धरून सांगितलंस. मी स्टेशनातून ओरडायचो, तू रुळावरून ओरडायचास.

आणि तूच गेलास.

मी त्या वेळी माझ्या जागेवर होतो. नागपूरकडून येणारी मेल आणि नागपूरकडे जाणारी मालगाडी, दोन्हींना लाइन मीच दिली होती. दोन्ही बरोबर दिल्या होत्या. तू जुन्या रुळाच्या अलीकडे, स्टेशनाच्या बाजूला उभा होतास, जेवायची वेळ होती, क्वार्टर नव्या रुळाच्या पलीकडे. मेल गेली. तू तिच्या शेपटामागून निघालास. जुना रूळ ओलांडलास आणि नव्यावर पाय टाकलास. मालगाडीचा ड्रायव्हर म्हणाला, तो वर पाहतच नव्हता, साहेब. शिटी मी मारतच होतो.

चौकशीला साहेब आले. भला माणूस. मी म्हटलं, माझं काय चुकलं ते शोधा. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, तुमचं काहीच चुकलेलं नाही. दौलत, तुला सांगतो, माझी चूक निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणता आलं असतं, हे बघ, इथं मी हे केलं म्हणून तू गेलास. तसं काही नाही. ड्रायव्हरचं चुकलं नाही, सिग्नलचं चुकलं नाही, माझं नाही. आणि तुझं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गाव मात्र वळवतं. चहाच्या टपरीवर कुजबुज निघाली की इतकी वर्षं रुळावर काढलेला माणूस असा गाडीखाली जातो का? घरात कटकट होती म्हणे. मी जाऊन त्यांना अशा शिव्या घातल्या की टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद केला. पण शिव्यांनी काय होतं? जे कानावर जायचं ते वहिनीच्या कानावर गेलंच होतं.

तिला गावानं सांगायची गरजही नव्हती. तिनं मला क्वार्टरच्या ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. त्या सकाळी पुन्हा त्या भाजीच्या जागेवरून निघालं. तू म्हणालास, मी जेवाले येणार नाही आज. आणि ती म्हणाली... ते सांगताना तिनं मान वर केली नाही. ‘मी मनलं, नका येऊ. तुमाले घर नाही, बायको नाही, लाइनच हाये ना? तं लाइनीवरच जाऊन मरा.’

मग म्हणाली, ‘जेवाले येनार नव्हते ना ते? मंग इकडं घराकडं काहून आले, बाबू? मले दाखवाले आले.’

मी तिला समजावलं. बाई, भूक लागली असेल, राग गेला असेल, नवरा-बायकोत असं रोज होतं. माझी बायको मला काय काय म्हणते ते ऐकलं तर मी रोज मरायला हवा. ती हसली नाही. मी तिला ते गोळ्याचं, लाल यंत्राचं, शेपटाचं सगळं सांगितलं. तुझ्या पायांना एकाच लाइनीची सवय होती, डोक्याला दोन माहीत होत्या, पण पायांना नव्हत्या. ती म्हणाली, जो माणूस अख्ख्या गावाले शिकवत फिरला त्यालेच समजलं नाही? मी म्हटलं, समजलं होतं वहिनी, पण... त्या पणच्या पुढे मला जाता येईना. इतकी वर्षं प्रवाशांना एक लाइन काहून आणि दोन काहून हे फडाफडा सांगणारा मी, तिच्यापुढे माझे शब्द थिटे पडायचे. खरी गोष्ट सांगत होतो आणि ती माझ्याच कानाला खोटी वाटायची.

त्यानंतर ती विचारायची आणि मी नाही म्हणायचो. ती आणखी वाळली. पोरी सासरी, त्या येऊन राहून गेल्या, त्यांच्याशीही नीट बोलली नाही. दर दसऱ्याला तू सुट्टी काढून तिला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचास. छप्पन साली तू आईचा हात धरून पांढऱ्या कपड्यात तिथं उभा होतास ते तिला दरवर्षी नव्यानं सांगायचास. मी म्हटलं, यंदा आम्ही नेऊ तुम्हाला. ती म्हणाली, मले तिथं उभं राह्याचा हक्क हाये काय आता? अशा वेळी माणसानं काय करावं, दौलत? मी उठून पंप मारून तिची बादली भरली. तेवढंच जमलं.

क्वार्टर सोडावं लागणार होतं. तिचा भाऊ इंदोऱ्यात राहतो, तो म्हणाला ये. परवा ती निघाली, तिकीट काढायला अलीकडे स्टेशनात आली. ट्रंक गाडीत आधीच धाडली होती, हातात एक गाठोडं. पॅसेंजर पलीकडच्या फलाटावर येते, म्हणून मी म्हटलं चला, मी पोहोचवतो. गाठोडं मी घेतलं. फलाटाच्या टोकाला जिथून ओलांडतात तिथं आम्ही थांबलो, कारण अलीकडच्या लाइनीवर नागपूरकडून गाडी येत होती. मीच तिला म्हटलं, थांबा वहिनी, जाऊ द्या तिला. गाडी धडधडत गेली. गार्डला मी हात केला. शेवटचा डबा पुढून गेला, मी म्हटलं ‘चला’ आणि निघालो.

जुना रूळ ओलांडला. नव्यावर पाय टाकणार तेवढ्यात कोणीतरी माझी बाही इतक्या जोरात ओढली की मी तिथंच खडीत बसकण मारली. समोरून मालगाडी गेली. किती जवळून ते सांगत नाही. इंजिनाची गरम हवा तोंडावर आली. मग डबे, डबे, डबे. वहिनी माझी बाही घट्ट धरून उभी होती आणि शेवटचा डबा गेला तरी तिनं ती सोडली नाही.

त्या मालगाडीला लाइन मीच दिली होती, दौलत. थोड्याच वेळापूर्वी, याच हातानं. तुझ्या मरणानंतर मी रोज त्याच गोष्टीवर डोकं फोडत होतो, तिलाही तेच समजावत होतो. आणि माझा पाय गेला. मला आठवलं नाही असंही नाही, आठवायची वेळच आली नाही. शेपूट गेलं आणि पाय निघाला.

वहिनीनं हळूच विचारलं, ‘तुमाले मालूम होतं ना बाबू, गाडी येऊन राह्यली मनून?’

मी म्हटलं, हो. मीच तिला बोलावली होती.

‘मंग?’

‘ध्यानातच आलं नाही, वहिनी.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी भीतीनं थरथरत होतो, गाठोडं कुठं फेकलं गेलं होतं. असं सोंग माणसाला करता येत नाही, हे तिला दिसत असावं. मग ती तिथंच, दोन लाइनींच्या मधल्या खडीवर, बसली. ‘म्हंजे ते घरीच येऊन राह्यले होते,’ ती म्हणाली. ‘जेवाले येऊन राह्यले होते.’ आणि तिनं हंबरडा फोडला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. पॉइंट्समन धावत आला, मी त्याला हातानं थांबवलं. मला तिला उठवताही येईना आणि गप्प करताही येईना. मी तिच्याशेजारी उभा राहिलो आणि पदर भिजेपर्यंत ती रडत होती. तुझ्यासाठी रडत होती, दौलत, पहिल्यांदा. इतके दिवस ती स्वतःलाच फाशी देत होती.

पॅसेंजर यायला अजून वेळ होता. मी दोन्हीकडे तीनतीनदा पाहिलं आणि तिचा हात धरून तिला पलीकडे नेलं. गाडी आल्यावर डब्यात चढवलं, गाठोडं वर दिलं. ती खिडकीशी बसली. डोळे सुजलेले, पण चेहरा तिचा तिला परत मिळाला होता. गाडीला हिरवा कंदील मीच दाखवायचा होता. मी दाखवला. गाडी हलली, आणि ती खिडकीतून वाकून मला म्हणाली, ‘बाबू, सांभाळून राहा जी.’

घरून निघणाऱ्या माणसाला बायको म्हणते तेवढंच. त्या सकाळी तुला हे मिळालं नाही. परवा ते माझ्या वाट्याला आलं, आणि तुझ्या वतीनं मी तिला हो म्हणालो.